कॅम्परव्हॅन : रस्त्यावरचा एक दिवस नेमका कसा जातो? (अनुभव हवेत)

पेणचापाहुणा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि ७४ वर्षांची आई, कॅम्परव्हॅनने कन्याकुमारीला जाऊन आलो. जाताना किनाऱ्याकिनाऱ्याने, येताना आतून. २६ दिवस, साधारण ३,४०० किमी. गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने रीतसर पासिंग करून घेतलेली. आम्ही राहतो मुलुंडला आणि गाडी राहते पेणला मामेभावाच्या अंगणात, कारण सोसायटीच्या स्टिल्टची उंची ७ फूट आणि गाडीची साडेआठ. म्हणजे स्वतःच्या गाडीने फिरायला जायचं तर आधी एसटीने पेण गाठायचं.

परत आल्यापासून जो तो विचारतो, मजा आली ना? आली. पण दिवसभर तुम्ही करता काय, हे कुणी विचारत नाही. निघायच्या आधी मी जेवढे व्हिडिओ बघितले त्या सगळ्यांत मागचं दार उघडं, समोर समुद्र, हातात कॉफीचा मग. आमचं मागचं दार उघडलं की समोर बहुतेक वेळा कुणाची तरी गाय असायची.

नमुन्यादाखल चौथा दिवस सांगतो. हरिहरेश्वरला एका खानावळीच्या वाडीत मुक्काम होता. साडेपाचला उठलो. पाणी भरणं, टॉयलेटची पेटी रिकामी करणं, भांडी जागच्या जागी अडकवणं यात पावणेनऊ झाले. बाणकोटची खाडी ओलांडायला बागमांडल्याच्या जेट्टीवर सव्वानऊला पोचलो. पाणी बरंच खाली गेलेलं, त्यामुळे धक्क्याचा उतार चांगलाच तिरका झाला होता. बोटीवरचा पोऱ्या हात हलवत ओरडतोय, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या". पुढची चाकं बोटीच्या फळीवर चढली आणि मागून खर्रर्र असा आवाज. मागच्या चाकांच्या पाठीमागे गाडीच्या पोटाला सांडपाण्याची टाकी आहे, तिची तोटी दगडाला घासून मुळातून गेली. काल रात्रीच्या भांड्यांचं पाणी सगळं धक्क्यावर. त्यात भाताची शितं. मागच्या बाइकवाल्याने पाय वर घेतले आणि म्हणाला, "काका, आमटी सांडली तुमची."

पलीकडे वेसवी. तिथून केळशीमार्गे आंजर्ले. तिथल्या आळीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे आमची गाडी आणि समोरून एसटी. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावला, गॅस आणि पलंग बघितला आणि म्हणाला, "घर घेऊन फिरताय, मग गल्ली पण घेऊन फिरा की." शेवटी मीच दीडशे फूट रिव्हर्स घेतला. आई मागच्या काचेतून "ये... ये... थांब, कोंबडी!" असं सांगत होती.

संकष्टी होती, म्हणून कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेचा गणपती, वरून सुवर्णदुर्ग दिसतो, आई खूश. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव ऐन रंगात आणि आमच्या गाडीत उपास. दापोलीकडच्या मुरूडला मुक्काम, नऊच्या सुमारास चंद्र, मग जेवण. दिवसाचे एकूण किमी ५८.

तर प्रश्न असा. तुमचा दिवस कसा जातो? दिवसाला किती किमी धरता आणि किती वाजता थांबता? उन्हाळ्यात विदर्भात जायचा विचार आहे, त्यामुळे खरोखरच मदत हवी आहे.

गवतीचहा

वाचतेय. छान लिहिलंय. फोटो टाका, विशेषतः गाईचे.

पाचवा_गिअर

माफ करा, पण ५८ किमी ही सहल झाली, प्रवास नव्हे. आम्ही मुंबई–लेह केलं तेव्हा रोज ४०० च्या खाली उतरलो नाही. सकाळी ५ ला चाक फिरलंच पाहिजे. नाश्ता चालत्या गाडीत, दुपारी अर्धा तास, रात्री ८ ला थांबायचं. असं रेंगाळलात तर विदर्भाला पोचेपर्यंत पावसाळा लागेल.

उगाच

@पाचवा_गिअर, चालत्या गाडीत नाश्ता? पोह्यांवर लिंबू पिळताना घाट लागला तर?

गिरगावातला_गॅलरीवाला

गाडीच्या आतलं माप काय हो? म्हणजे १४ बाय ६ वगैरे? आमची खोली १० बाय १२ ची होती. त्यात आम्ही आठ जण, शिवाय मे महिन्यात रत्नागिरीहून येणारे पाहुणे. रात्री कुणी कुठे झोपायचं हे ठरलेलं, मोरी कुणी कधी वापरायची ते ठरलेलं, बादली कुणाची तेही ठरलेलं. पेटीवर गादी, गादीवर आजोबा, पेटीखाली लोणच्याच्या बरण्या. तुम्ही ज्याला कॅम्परव्हॅन म्हणता त्यात आम्ही ३१ वर्षं राहिलो, फक्त तिला चाकं नव्हती.

उगाच

आणि टॉयलेट गॅलरीच्या टोकाला. तुमच्यापेक्षा हे पुढारलेले.

ओम_वोल्ट

धागाकर्ते, स्वयंपाक गॅसवर करता की इंडक्शनवर? बॅटरी किती? विदर्भात मे महिन्यात जाणार असाल तर हा प्रश्न किमीच्या आधी येतो.

पेणचापाहुणा

@गॅलरीवाला, माप १३ बाय ६. तुमचं लोणच्याच्या बरण्यांचं ऐकून आई म्हणाली, "बघ, मी सांगत होते, पलंगाखाली जागा आहे."

@ओम_वोल्ट, १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची एक लिथियम बॅटरी, छतावर सोलर. इंडक्शन आहे, पण वापरत नाही. ५ किलोचा सिलिंडर आणि दोन शेगड्या.

@पाचवा_गिअर, लेहला तुमच्याबरोबर आई होती का?

ओम_वोल्ट

इंडक्शन वापरत नाही हे उत्तम. नव्यांसाठी हिशेब सांगून ठेवतो. १२ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १,२०० वॅट-अवर, आपल्या लाइट बिलाच्या भाषेत सव्वा युनिटसुद्धा नाही. १,८०० वॅटचं इंडक्शन पूर्ण ताकदीवर लावलं तर ४० मिनिटांत बॅटरी आडवी. डाळ-भात होईल, पोळ्या होणार नाहीत. शिवाय तेवढी ताकद १२ व्होल्टवरून ओढायची म्हणजे इन्व्हर्टरच्या वायरमधून दीडशेच्या वर अँपिअर जाणार. वायर बारीक असेल तर आधी ती शिजेल.

बॅटरी ठेवायची ती पंखा, दिवे, फोन आणि छोट्या फ्रिजसाठी. मेमध्ये नागपूर-चंद्रपूर बाजूला एसी चालवायचा विचार असेल तर रात्री कुणाकडून तरी वायर ओढून घ्यावी लागेल. आणि सोलर भरपूर मिळावं म्हणून गाडी उन्हात लावली की आत भट्टी होते, सावलीत लावली की बॅटरी भरत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही. मी असतो तर विदर्भ जानेवारीत केला असता.

गवतीचहा

कुणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. टॉयलेटचं काय? पेटी रिकामी करणं म्हणजे नक्की काय, कुठे, कुणी?

तिसरी_शिट्टी

कुणी, याचं उत्तर मी देते. मी धागाकर्त्याची बायको. हा आयडी आत्ताच काढला, कारण वरचा धागा वाचून मला राहवेना.

पेटी तोच रिकामी करतो, हे खरं. त्याचं श्रेय देते. २० लिटरची पेटी, तिघांना दोन दिवस पुरते. खेचून बाहेर काढायची, चाकांवर सुटकेससारखी ओढत न्यायची आणि सार्वजनिक शौचालयात किंवा पेट्रोल पंपावर आधी विचारून ओतायची. नाही म्हणाले तर पुढचा पंप. तिच्यात घालायला ते निळं औषध मिळतं, ते मात्र कुणाच्या घरगुती सेप्टिक टँकमध्ये जाऊ देऊ नका. फॉर्मालिनचं असेल तर टाकीतले जंतू मारतं आणि तुम्ही गेल्यावर महिन्याभराने त्या बिचाऱ्यांची टाकी नासते. वाडीवाल्या काकूंनी प्रेमाने "आमच्याकडे ओता" म्हटलं तरी नाही म्हणायचं.

आता त्याने न लिहिलेला भाग. "नऊच्या सुमारास चंद्र, मग जेवण." एवढंच? संकष्टीला सासूबाई मोदकांशिवाय उपास सोडत नाहीत. २१ उकडीचे मोदक, गाडीत. ओटा दीड फुटाचा. परात ठेवली की पोळपाटाला जागा नाही, म्हणून परात माझ्या मांडीवर. कुकरच्या डब्यात एका वेळी सात मावतात, म्हणजे तीन घाणे. आणि त्याच दिवशी सकाळी तोटी तुटलेली, म्हणजे सिंकमध्ये ओतलेलं पाणी सरळ खाली जमिनीवर. म्हणून गाडीखाली बादली आणि दर दहा मिनिटांनी ती बघायला कुणीतरी वाकायचं. वाकणारा माणूस त्या वेळी समुद्रावर सूर्यास्ताचे फोटो काढत होता.

व्हॅनमध्ये दिवस कसा जातो? घरी जातो तसाच, फक्त ओटा लहान होतो.

उगाच

*खुर्ची ओढून, शेंगदाणे घेऊन बसलो आहे.*

गवतीचहा

तिसरी_शिट्टी ताई, धागा तुम्हीच काढायला हवा होता. +१११

पेणचापाहुणा

मोदक अप्रतिम झाले होते. बाकी आरोप मान्य. फोटो चांगले आले नाहीत.

निवांत_नाना

धागाकर्ते, तुमची तोटी तुटली यात गाडीचा दोष नाही आणि बोटवाल्या पोराचाही नाही. तुम्ही संकष्टीला सव्वानऊला जेट्टीवर गेलात, तिथे चुकलात.

आमच्या लहानपणी खाडीकाठी घड्याळाआधी तिथी बघत. तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. तीनला भरती, पहाटेची आणि दुपारची. दोन भरत्यांच्या मधे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. तुम्ही बरोब्बर पूर्ण ओहोटीला पोचलात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामापुरतं गणित पक्कं आहे. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा.

बारीक गाडीला काही होत नाही. ज्या गाडीचा पार्श्वभाग चाकांच्या मागे लांब लोंबतो तिने मात्र पाणी चढलेलं बघून बोटीवर चढावं. दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगडलाही हेच गणित.

पेणचापाहुणा

नाना, दंडवत. आणि आता लाज वाटण्याची गोष्ट. कालनिर्णय गाडीत फ्रिजच्या दारावर टांगलेलं होतं. संकष्टीचा चंद्रोदय बघायला आईने ते सकाळीच उघडलं होतं. मी भरती-ओहोटीसाठी मोबाइलला रेंज शोधत होतो.

पाचवा_गिअर

म्हणूनच म्हणतो, हायवे पकडा. एनएच ६६ ने पळस्पे ते सावंतवाडी, ना जेट्टी ना गडगा. आता कशेडीला बोगदाही झालाय, घाट चढायलाच नको.

निवांत_नाना

@पाचवा_गिअर, बोगद्यातून समुद्र दिसत नाही हो.

रोठा_सुपारी

मी श्रीवर्धनकडची, सध्या बोरिवलीत. रात्री थांबण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुंबईची बरीच मंडळी अशा गाड्या घेऊन थेट किनाऱ्यावर सुरूच्या बनात मुक्काम टाकतात आणि रात्री पोलीस काच वाजवतात तेव्हा चिडतात. चिडू नका. १९९३ ला शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं होतं. शेखाडी म्हणजे आमच्याकडून दिवेआगरला जाताना लागतं तेच गाव. २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तोही समुद्राकडून. त्यामुळे अनोळखी बंद गाडी रात्री पाण्याजवळ दिसली की आमच्या गावातला कुणीही फोन करणार, माझे वडीलसुद्धा करतील. संध्याकाळी गावात शिरतानाच एखाद्या घरगुती खानावळीत विचारा, जेवण त्यांच्याकडे घ्या, वाडीत गाडी लावू देतात. दोनशे-तीनशे रुपये वर दिले तर पाणीही भरून मिळतं.

दुसरं, वाळूवर गाडी घालू नका. मागची चाकं रुतली की ट्रॅक्टरवाला येईपर्यंत भरती येते (नानांचं गणित लागू). आणि वेळासच्या बाजूला नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला वर येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे चालतात. तुमच्या गाडीची दिव्यांची माळ दिसली तर पाण्याऐवजी तुमच्याकडे येतील. इन्स्टाला छान दिसेल, त्यांच्या जिवावर उठेल.

गिरगावातला_गॅलरीवाला

वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. अवांतर: आमच्या वरच्या मजल्यावर एक फडणीस राहायचे, पाणी सुटायच्या वेळी त्यांचंही राजकारण तसंच चालायचं.

उगाच

धागा भरकटला, आता धावसंख्या शंभर नक्की.

कंदिलवाला

माझ्याकडे २०१४ ची जुनी प्रवासी व्हॅन आहे. सुतार ओळखीचा आहे. सीट काढून पलंग आणि ओटा बसवला तर चालेल ना? लाखभरात होईल म्हणतो.

फॉर्म_२०

नाही चालणार. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसी बुकात जे नोंदलंय त्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे बांधून तशी नोंद करून घ्यावी लागते. सुताराचं काम सुंदर असेल, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने आरसीवर "प्रवासी, १२ सीट" वाचून आत पलंग बघितला तर क्लेम अडकणार. गॅस सिलिंडर आत असेल तर विचारूच नका. धागाकर्त्यांनी आधीच पासिंग झालेली गाडी घेतली, ते शहाणपणाचं केलं.

ज्यांना चाखून बघायचंय त्यांनी आधी भाड्याने घ्या. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, भाड्याच्या गाड्या मिळतात. चार दिवस राहा, मग ठरवा. आमच्या ओळखीत एकाने घेतली, आता ती गाडी म्हणजे त्यांच्या फार्महाउसची गेस्ट रूम आहे. चाकांना वेल चढलाय.

कंदिलवाला

धन्यवाद. सुताराला कपाट करायला सांगतो.

गवतीचहा

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मी दोनदा भाड्याची व्हॅन घेतलीय, एकदा हंपीला, एकदा सातपुड्यात तोरणमाळला. माझा अनुभव असा की किमी धरून दिवस आखला की हमखास फसतो. पाणी किती उरलंय, पेटी किती भरलीय आणि उजेड किती आहे, या तीन गोष्टींवर दिवस चालतो. आमच्या गाडीत ६० लिटर पाणी मावायचं. भांड्यांना मग आणि स्पंज, आंघोळ अर्धी बादली, तरी चौघांना दीड दिवस. दुपारी तीन वाजले की मी "आज पुढे" म्हणणं बंद करायचे. अंधारात वळणावर जागा शोधताना जे भांडण होतं ते घरी वर्षभरात होत नाही. हायवेला १५०, आडरस्त्याला ६०-७०, यापेक्षा जास्त मी कधी धरले नाहीत.

आणि तिसरी_शिट्टी ताईंशी सहमत. आम्ही नियम केला होता: ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला स्वयंपाक माफ, पण मग रोज आलटून पालटून. माझ्या नवऱ्याला तीन दिवसांत पिठलं यायला लागलं.

पाचवा_गिअर

ठीक आहे, एक गोष्ट कबूल करतो. लेहच्या ट्रिपमध्ये तिसऱ्या रात्री साडेनऊला जागा शोधत एका ढाब्यामागे गाडी लावली. सकाळी उठून पाहिलं तर आम्ही ट्रकच्या रांगेच्या मधोमध, पुढे-मागे दोन्हीकडे ट्रक, ड्रायव्हर झोपलेले. ११ ला सुटलो. त्या दिवशी १९० झाले. हे इथे पहिल्यांदाच सांगतोय.

पण सलग लांब हायवे असेल तर ३०० आरामात होतात, यावर मी ठाम आहे.

उगाच

@पाचवा_गिअर, चौथ्या गिअरमध्ये स्वागत आहे.

तिसरी_शिट्टी

आमच्याकडे आज तहाची बोलणी झाली. दुपारी चारच्या पुढे गाडी हलणार नाही. एक दिवस आड स्वयंपाक त्याचा. मला ड्रायव्हिंग शिकायचंय, ते पेणला मामेभावाच्या शेतात. सासूबाईंनी तिसरी अट घातली, पलंगाखाली लोणच्याच्या दोन बरण्या. गॅलरीवाले, हे तुमच्यामुळे.

ओम_वोल्ट

आणि विदर्भ?

पेणचापाहुणा

जानेवारीत. तुमचं म्हणणं ऐकून उन्हाळ्याचा बेत रद्द. त्याआधी नोव्हेंबरात पुन्हा किनाऱ्याने गुहागरपर्यंत छोटी फेरी, दाभोळची बोट भरतीला गाठून दाखवायची आहे.

कंदिलवाला

ती तुटलेली तोटी मिळाली कुठे शेवटी? असले पार्ट मागवावे लागतात ना?

पेणचापाहुणा

दापोलीला, साध्या प्लंबिंगच्या दुकानात. सव्वा इंची पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह, थोडं सोल्युशन आणि टेफ्लॉन टेप. दुकानदाराने स्वतः गाडीखाली झोपून बसवला आणि आडवा बसवला, जुन्यासारखा खाली लोंबता नाही. आता चार इंच वर आहे. मजुरी घेईना, मग आईने राहिलेले पाच मोदक दिले.

नाना, एक शंका. नोव्हेंबरात सुट्टी जुळतेय ती नेमकी अमावास्येची. आई म्हणते अमावास्येला निघायचं नाही.

निवांत_नाना

आईंना सांगा, पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. दाभोळला भर दुपारी पाणी धक्क्याला टेकलेलं मिळेल. घरातून आदल्या दिवशी निघा, बोटीवर अमावास्येला चढा.